चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा पेटतो? कोड उडवण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१३ची ऑडी टीटी, दोन लिटर टर्बो पेट्रोल, तुम्ही तिसरे मालक, राहायला नाशिकला गंगापूर रोडला. गाडी आठवड्यातून एखाद-दोनदा निघते आणि महिन्याकाठी मुंबईची एक चक्कर होते. दर दोन-तीन आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा पेटतो. हायवेला गाडी मस्त खेचते, पण मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की किंचित थरथरते. पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावून कोड, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, उडवला. दुसऱ्याने पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलला. तिसरा म्हणतोय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, थोडक्यात कॅट) गेला, नवा टाका, नाहीतर रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, तो कोडच बंद करून देतो. आलेले कोड तुम्ही लिहून ठेवलेत, हे फार बरं केलंत: आधी पी०१७१ आणि पी२१८७, मग एकदा पी०३००, आणि सेन्सर बदलल्यानंतर पी०४२०. आता कॅट बदलू की कोड बंद करून घेऊ, असं तुम्ही विचारताय.

आत्ता यातलं काहीच करू नका. कॅटची ऑर्डर दिली असेल तर थांबवता येते का बघा.

मी अंबडला गॅरेज चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बऱ्याचशा तुमच्या गाडीसारख्याच असतात: जर्मन, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या, किलोमीटर कमी पण वय दहाच्या पुढे. गाडी समोर नसताना मी छातीठोकपणे निदान करणार नाही. पण तुमच्या मजकुरात जेवढं आहे त्यावरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. तीन जणांनी कोड वाचला आणि तिघांनीही कोडच्या नावाचा पार्ट शोधला. कोड कुठल्या परिस्थितीत पडला हे कोणीच बघितलेलं दिसत नाही. आणि दर वेळी कोड उडवल्यामुळे बघायला काही शिल्लकही राहिलं नाही.

कोड म्हणजे सोसायटीच्या ऑफिसात आलेली "तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही" अशी तक्रार समजा. तक्रार खरी असते, पण मोटर बंद आहे, टाकी रिकामी आहे की वाटेत पाइप फुटलाय, हे त्या ओळीत नसतं. पी०१७१चा अर्थ एवढाच की इंजिनला मिळणाऱ्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. पी२१८७ तेच सांगतो, फक्त आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना. या दोन्ही कोडमध्ये "ऑक्सिजन सेन्सर खराब" असं कुठेही म्हटलेलं नाही. सेन्सरने हवा जास्त असल्याचं कळवलं आणि आपण कळवणाऱ्यालाच बदलून मोकळे झालो.

दोन-तीन आठवडे मध्ये जातात त्याचं कारणही समजून घ्या, कारण त्यामुळेच "कोड उडवला आणि गाडी बरी झाली" असा भास होतो. मिश्रणाचे बहुतेक दोष एकदा दिसले की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, लगेच दिवा लावत नाही. पहिल्या फेरीत नोंद करून ठेवतो, पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा दिसला की दिवा लावतो. त्यात कोड उडवला की इंजिनने शिकलेली मिश्रणाची दुरुस्तीही बहुतेक वेळा पुसली जाते, आणि ती पुन्हा मर्यादेपर्यंत चढायला वेळ लागतो. तुमची गाडी आठवड्यातून एखाद-दोनदाच निघते, तेव्हा दोन-तीन आठवडे अगदी सहज जातात. बॅटरीची वायर काढून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिनवर लोड किती, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग, फ्युएल ट्रिम, हे सगळं ईसीयू जपून ठेवतो. कोड डिलीट केला की तेही जातं. म्हणून कोणत्याही गॅरेजमध्ये गेलात तरी स्कॅनर लागल्या लागल्या सांगायचं: आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढू द्या, डिलीटचं बटण नंतर. साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं अ‍ॅपही हे दाखवतं. डोंगलचं सॉकेट स्टीअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला असतं. ऑडीसाठी व्हीसीडीएससारखं खास सॉफ्टवेअर असलेला माणूस मिळाला तर उत्तमच, पण सुरुवातीला त्यावाचून अडत नाही.

दुसरी गोष्ट फ्युएल ट्रिम, आणि तुमच्या केसमध्ये मी सगळा जोर इथेच देईन. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल वाढवत-कमी करत हे प्रमाण सांभाळतो. किती टक्के वाढवावं लागलं, तो आकडा म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म म्हणजे मुरलेली सवय. निरोगी इंजिनला लाँग टर्म शून्याच्या आसपास, पाच टक्के वर-खाली असतो. दहापर्यंत मी फारसा कान देत नाही. पंचवीसच्या आसपास गेला की बहुतेक गाड्या पी०१७१ टाकतात.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा आणि दोन आकडे लिहा: आयडलिंगला ट्रिम किती, आणि न्यूट्रलमध्ये रेस देऊन २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर किती. आयडलिंगला समजा २० आणि २५००ला ५ आला, तर कुठूनतरी बाहेरची हवा आत खेचली जातेय. गळतीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते. इंजिन कमी श्वास घेत असतं तेव्हा ती मोठी वाटते, जास्त घेऊ लागलं की तिचा वाटा नगण्य होतो. उलट आयडलिंगला ठीक आणि लोडवर ट्रिम चढतोय, तर पेट्रोलचा प्रेशर, फिल्टर किंवा मास एअरफ्लो सेन्सरकडे (आत येणारी हवा मोजणारा) वळायचं. दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर सेन्सरची मोजणी किंवा खुद्द पेट्रोल, असा विचार करायचा. या दोन आकड्यांना पाच मिनिटं लागतात, आणि त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

तुमचा पी२१८७, सिग्नलची थरथर आणि हायवेला व्यवस्थित खेचणारी गाडी, तिन्ही पहिल्या शक्यतेकडे, म्हणजे हवेच्या गळतीकडे बोट दाखवतात. या इंजिनवर अशी हवा आत यायची नेहमीची जागा म्हणजे पीसीव्ही, इंजिनच्या डोक्यावर बसवलेला ऑइल सेपरेटर. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) परत पाठवण्याचं त्याचं काम. आत रबरी डायफ्राम असतो. वयाने आणि उष्णतेने तो कडक होतो आणि फाटतो. मग इंजिन तिथून मनसोक्त हवा ओढतं. तपासायला स्कॅनरही लागत नाही. गाडी आयडलिंगला ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून खेच बसून झाकण चिकटल्यासारखं वाटलं, किंवा शिट्टीसारखा आवाज येत होता आणि झाकण उघडताच तो बदलला, तर डायफ्रामवर संशय पक्का. झाकण काढल्यावर आयडलिंग थोडं बिघडणं या इंजिनला स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. पीसीव्ही नादुरुस्त ठेवला तर क्रँककेसमधला दाब बिघडून ऑइल सीलांवर ताण येतो, आणि मागचं मेन सील गळू लागलं की गिअरबॉक्स उतरवण्याचं काम निघतं. काही हजारांच्या पार्टसाठी तिथवर जाऊ नका.

पीसीव्ही चांगला निघाला तर स्मोक टेस्ट. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्चच्या उजेडात शोधायचं. मॅनिफोल्डची गास्केट, व्हॅक्यूमचे बारीक पाइप, ब्रेक बूस्टरचा होस, सगळं एका बैठकीत कळतं. एक अट: टेस्ट शक्यतो थंड इंजिनवर करून घ्या. निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत आपल्याकडेही सकाळी असे कोड वाढतात. थंडीत आखडलेलं रबर हवा सोडतं आणि इंजिन तापल्यावर फट मिटते. दुपारी गरम गाडी गॅरेजला नेली की "काही सापडलं नाही" असं उत्तर ठरलेलं. तुमचा दिवा सकाळी पहिल्या स्टार्टनंतर पेटतो की गाडी तापल्यावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आठवून बघा.

पर्ज व्हॉल्व्हचाही एक प्रश्न विचारतो. टाकी फुल्ल केल्यावर लगेच स्टार्ट करताना गाडी कुरकुरते का? तसं होत असेल तर टाकीतली वाफ इनटेकला नेणारा तो व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. इंजिन चालू असताना, व्हॉल्व्हला विजेचा इशारा नसताना, त्याच्या टाकीकडच्या तोंडाला बोट लावून खेच लागते का बघायचं. लागायला नको.

आता पेट्रोल. सगळेच सध्या सगळ्याचा दोष इथेनॉलला देतात, म्हणून हिशेबाने बोलू. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी पुरते: एका भागाला साधारण ९ भाग. म्हणून दहा टक्के मिश्रणाचं प्रमाण १४.१च्या आसपास येतं आणि वीस टक्क्यांचं १३.५च्या आसपास. दहावरून वीसवर आल्यावर इंजिनला सुमारे चार टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलशी तुलना केली तर आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास. धडधाकट इंजिन हे ट्रिममध्ये सहज पचवतं, दिवा लागत नाही. पण जुन्या गळतीमुळे ट्रिम आधीच अठरावर बसलेला असेल, तर वरचे हे काही टक्के त्याला मर्यादेपलीकडे ढकलतात. म्हणजे इथेनॉलने दोष निर्माण केला असं नाही, लपलेला दोष दिव्यापर्यंत आणला. तुमच्या गाडीच्या काळातल्या रबरी पाइपांवर त्याचा दीर्घकाळ काय परिणाम होतो तो वेगळा विषय, पण पेट्रोलचे होस आणि जोड तपासताना वास आणि ओल जरूर बघा. या टर्बोला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घाला. मात्र १०० ऑक्टेनने हा दिवा जाईल अशी आशा ठेवू नका.

"घाट चढून आल्यावर हवा पातळ होते म्हणून दिवा लागतो" असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा सातेक टक्के कमी. ईसीयू हवेचं मोजमाप करूनच पेट्रोल सोडतो. लेह-मनालीला चालणारी गाडी कसाऱ्याला गडबडेल कशी? मुंबईच्या चक्करीनंतर दिवा लागत असेल, तर त्याचं कारण मला साधं वाटतं: त्या दिवशी गाडी भरपूर चालते, पूर्ण तापते आणि नंतर शहराच्या ट्रॅफिकमध्ये आयडलिंगला उभी राहते. ईसीयूला तपासणी पूर्ण करायला हव्या त्या सगळ्या परिस्थिती तेव्हाच जुळून येतात.

पी०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरांत मिसिंग, म्हणजे मिश्रण नीट न पेटणं. पी०३०१ ते पी०३०४मधला एकच आकडा वारंवार आला असता तर मी त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) शेजाऱ्याला लावून बघितली असती. कोड कॉइलसोबत सरकला तर कॉइल गेली. तुमचा कोड कुठल्याच सिलिंडरचं नाव घेत नाही, त्यामुळे पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाने आलेलं मिसिंग ही पहिली शंका. प्लग शेवटचे कधी बदलले हे मागच्या मालकाच्या बिलांत नसेल तर नवे टाका, तो खर्च वाया जात नाही. हवेची गळती बंद करूनही थंड इंजिन थरथरत राहिलं, तर इनटेक व्हॉल्व्हवरच्या काजळीकडे वळा. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ते व्हॉल्व्हच्या पाठीला कधी धूत नाही आणि ऑइलची वाफ तिथे भाजून बसते. मॅनिफोल्ड उतरवून, अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या दाबाने मारून ते साफ करतात. टाकीत ओतायच्या बाटलीने हे होत नाही, कितीही भारी बाटली घ्या. ती त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही.

आता ज्याने तुमची झोप उडवली तो पी०४२०. मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅटनंतरचा धूर बघतो आणि कॅट पुरेसं काम करत नाही असं ईसीयूला वाटलं की हा कोड पडतो. कॅट खरंच संपलेला असू शकतो. महिनोन्‌महिने मिसिंग चालू राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. पण तुमच्याकडचा क्रम बघा. हा कोड सेन्सर बदलल्यानंतर आला. नवा सेन्सर योग्य पार्ट नंबरचा आहे का, नीट घट्ट बसलाय का, तिथल्या जोडातून एक्झॉस्ट गळतोय का, हे आधी तपासा. पुढच्या सेन्सरच्या आसपास गळती असेल तर आयडलिंगला बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर खोटंच "हवा जास्त" म्हणतो, आणि पी०१७१ सुद्धा तिथूनच येऊ शकतो. म्हणून स्मोक टेस्ट एक्झॉस्टच्या बाजूनेही करून घ्या. मिश्रण दुरुस्त झाल्यावर निदान एक मुंबई फेरी करा आणि मग कॅटचा निकाल लावा. गरम इंजिनला, स्थिर वेगात, मागच्या सेन्सरचा व्होल्टेज जवळजवळ एका जागी राहिला तर कॅट जिवंत आहे. तो भराभर वर-खाली उड्या मारत असेल तर खर्चाची तयारी ठेवा. उलटं केलंत, आधी लाखाकडे जाणारा कॅट टाकला आणि गळती तशीच राहिली, तर नवा कॅटही त्याच वाटेने जाईल.

कोड बंद करून घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. दिवा जाईल, दोष राहील, आणि पुढे खरंच काही बिघडलं तर सांगणारं कोणी नसेल. कॅट काढून टाकणं तर बेकायदा आहेच. पीयूसीला आयडलिंगचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) मोजतात, तिथेही अडकाल. तुम्ही तिसरे मालक आहात, त्यामुळे आधीच्या कोणी रिमॅप केलंय का, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदललाय का, ऑइल लावायचा एअर फिल्टर बसवलाय का, हेही विचारून घ्या. फिल्टरला ऑइल जास्त झालं की ते एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि त्याची मोजणी बिघडते. गाडीत असे बदल निघाले तर वरचा माझा अर्धा तर्क पुन्हा तपासावा लागेल.

दोन गोष्टी तुमच्या परिसरामुळे सांगतो. गंगापूर रोडला बंगल्यात आठवडाभर उभी राहणारी गाडी म्हणजे उंदरांना मोकळं रान. बॉनेट उघडून वायरिंगवर दातांच्या खुणा बघा. कुरतडलेला व्हॅक्यूम पाइप हुबेहूब हेच कोड देतो. आणि बॅटरी: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६च्या आसपास व्होल्ट हवेत. १२.२ दिसले तर ती अर्धी उतरलेली आहे, आणि अशा बॅटरीवर ईसीयू वाटेल ते कोड टाकतो.

एक इशारा मात्र तुम्ही न विचारता देतो. दिवा स्थिर पेटलेला असेल तर सावकाश घरी या, घाबरू नका. लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे की कॅट त्या क्षणी जळतोय. पाय हलका करा, सुरक्षित जागा बघून थांबा. घाटात असं झालं तर वळणावर थांबू नका, पण "इगतपुरीपर्यंत ताणू" असंही करू नका. क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल असेल तर टोइंग फ्लॅटबेडवरच. याशिवाय सकाळी थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल, किंवा पी००१६ कोड आला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी टायमिंग चेनचा टेन्शनर (इंजिनमधली साखळी ताणून धरणारा भाग) तपासून घ्या. या इंजिनाच्या सुरुवातीच्या टेन्शनरांचा दोष जगभर माहीत आहे, आणि चेन सुटली तर व्हॉल्व्ह वाकतात.

तर क्रम असा धरा: बॅटरी आणि उंदीर घरच्या घरी, मग ट्रिमचे दोन आकडे, मग पीसीव्ही, मग दोन्ही बाजूंची थंड स्मोक टेस्ट. प्लग सोयीने. काजळी आणि कॅट सगळ्यात शेवटी, आणि तेही आधीचं सगळं निस्तरल्यावर कोड पुन्हा आला तरच. गॅरेजवाल्याला "दिवा घालवून द्या" असं सांगू नका, "आयडलिंगचा ट्रिम दहाच्या आत आणून द्या" असं सांगा. दिवा गेला की नाही यावर पैसे मोजलेत की तो गेलेलाच मिळतो.

फ्रीझ फ्रेमचा फोटो, ट्रिमचे दोन्ही आकडे, दिवा थंड इंजिनला लागतो की गरम, आणि ऑइल कॅप उघडल्यावर काय झालं, एवढं इथेच टाका. मग पीसीव्ही की आणखी काही, हे मला बरंच नेमकं सांगता येईल.